ठसका अडतो, वास येतो

उन्हाळा लागला की संकेश्वर, निपाणी, बेळगाव भागात डंकांवर मिरची कुटायला रांगा लागतात. डंकवाल्याला मास्क घाला म्हटलं, की उत्तर ठरलेलं: ‘त्यानं ऑक्सिजन कमी होतो, आपलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो.’ निपाणीच्या वखारीत तंबाखूचा खकाणा झेलणाऱ्या बायकाही हेच सांगतात. करोनाकाळात मोबाइलवरून पसरलेला हा समज अजून गेलेला नाही, आणि त्याची किंमत फुफ्फुसं मोजतात.

याची पारख डंकावरच होते. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावला, की मसाल्याचा वास येत राहतो, पण ठसका थांबतो. वास म्हणजे सुटे रेणू; ठसका आणणारं कॅप्सेसिन मात्र भुकटीच्या कणांवर बसून येतं. रेणू आत जातात, कण अडतात. ऑक्सिजनचा रेणू जेमतेम ०.३ नॅनोमीटरचा, तंतूंमधल्या फटी त्याच्या हजारो पट मोठ्या. कार्बन डायऑक्साइडलाही त्या तितक्याच मोकळ्या.

मग ०.१ मायक्रॉनचा (म्हणजे १०० नॅनोमीटरचा, फटींपेक्षा लहानच) विषाणू कसा अडतो? मास्क ही चाळण नाही, खरी गंमत इथेच आहे. मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालते, त्याला वळता येत नाही, तो आपटून चिकटतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू चहूबाजूंनी धडका देतात. त्या धडका सारख्या नसल्यानं तो वेडावाकडा भरकटतो (ही ब्राउनी गती) आणि भरकटताना कुठल्यातरी तंतूला लागतोच. निसटतो तो मधला, साधारण ०.३ मायक्रॉनचा: आपटायला हलका, भरकटायला जड. एन-९५ मधले ९५ म्हणजे किमान ९५ टक्के कण अडवणं, आणि ते याच अवघड आकाराच्या आसपास तपासलेलं असतं. त्यात पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंवर टिकून राहणारा विद्युतभार दिलेला असतो. हा भार, स्वतःवर भार नसलेल्या कणांनाही प्रवर्तनानं (जवळ आलेल्या कणातले भार सरकवून) ओढून घेतो. म्हणूनच असा मास्क साबणानं किंवा स्पिरिटनं धुऊ नये. दिसायला तो चांगला राहतो, भार मात्र जातो.

गुदमरल्यासारखं वाटतं, ते खोटं नाही. आत उष्मा आणि दमटपणा साठतो, श्वास ओढायला थोडा जोर लागतो. पण एका श्वासातल्या सुमारे ५०० मिलिलिटर हवेपैकी १५० मिलिलिटर एरवीही श्वासनलिकांतच राहते. मास्कमुळे त्यात थोडी भर पडते, ती शरीर किंचित खोल श्वास घेऊन भरून काढतं. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन त्यानं धोक्याच्या पातळीला जात नाही. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारावं, दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावू नये. ऑक्सिजन वाढवायला २०२१ मध्ये कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंड्या हुंगल्या गेल्या. त्यानं रक्तातला ऑक्सिजन कणभरही वाढत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फौंड्रीत वाळूची सिलिका उडते. तिचे बारीक कण थेट वायुकोशांत उतरतात, आणि सिलिकोसिस (या धुळीनं होणारा फुफ्फुसांचा आजार) एकदा झाला की बरा होत नाही. तिथं पदर किंवा रुमाल पुरत नाही: कापड विरळ, कडेनं फट मोकळी. दाढीवर मास्क बसत नाही, तो गालाला चिकटूनच बसला पाहिजे. आणि तो कामगाराला विकत घ्यायला लावू नये, मालकानं द्यावा.