पाने, चित्रफिती आणि उष्णता : महागड्या लॅपटॉपमागची चाळीस वर्षे

पुण्यात दिवाळी अंकांची खरी धांदल गणपती विसर्जनानंतर सुरू होते. लेखकांचा मजकूर उशिरा येतो, चित्रकारांची चित्रे त्याहून उशिरा येतात, आणि सदाशिव किंवा नारायण पेठेतल्या एखाद्या दहा बाय बाराच्या खोलीत मांडणीकार दोनअडीचशे पानांची फाइल उघडून रात्रीमागून रात्री जागवतो. पूर्वी त्या खोलीत टेबलाखाली घरघरणारा डबा असे. आता बहुतेकांकडे लॅपटॉप असतो, कारण तोच उचलून आधी संपादकांच्या घरी आणि तिथून छापखान्यात जावे लागते. दीड-दोन लाख रुपये घालून नेमका कोणता लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न या शहरात मांडणीकार विचारतात, लग्नाच्या चित्रफिती संकलित करणारे विचारतात, वास्तुविशारद आणि मोटारींच्या भागांचे आराखडे करणारे अभियंतेही विचारतात. उत्तरादाखल त्यांच्यापुढे आकड्यांचा एक तक्ता ठेवला जातो. त्या तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कधी काळी कोणत्या तरी एका व्यवसायाची अडचण सोडवण्यासाठी निर्माण झाला आहे, आणि ती अडचण आपली आहे की नाही हे समजल्याखेरीज दोन यंत्रांची तुलना होऊच शकत नाही, असे माझे मत आहे.

मिटता येणाऱ्या लॅपटॉपचा आकार १९८२ साली ‘ग्रिड कंपास’ या यंत्राने रूढ केला. ब्रिटिश रचनाकार बिल मॉग्रिज यांनी त्याची घडण केली होती. स्क्रीन कीबोर्डवर झाकणासारखी मिटत असे आणि बाहेरची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. वजन सुमारे पाच किलो, किंमत आठ हजार डॉलरांच्या वर. असे यंत्र घेणारे लोक अर्थातच मोजके होते, आणि त्यांत अमेरिकेच्या अंतराळ संस्थेचा समावेश होता. धातूची पेटी आली ती दिसण्यासाठी नव्हे. आतली उष्णता बाहेर टाकायची आणि धक्के सोसायचे, ही दोन्ही कामे तिला करायची होती. आज दुकानात आपण धातूच्या झाकणावरून हात फिरवतो तेव्हा हे मूळ कारण सहसा ध्यानात येत नाही.

पुण्यातील छपाईच्या व्यवसायाला मात्र लॅपटॉपआधी टेबलावरच्या संगणकाने हलवले. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये लेझररायटर हा मुद्रक आणि आल्डस कंपनीचे पेजमेकर हे पाने लावण्याचे सॉफ्टवेअर आले, आणि पान जुळवण्याचे काम खिळ्यांच्या पेट्यांवरून काचेच्या पडद्यावर सरकले. रोमन लिपीसाठी हे जितके सरळ होते तितके देवनागरीसाठी नव्हते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चारात नंतर येते, रफार डोक्यावर बसतो, जोडाक्षरे आकार बदलतात. हे सारे यंत्राला शिकवावे लागले. त्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजे सी-डॅकचे, मुख्यालय इथेच आहे आणि भारतीय भाषांसाठीचे जिस्ट तंत्र तिथे पुढे नेण्यात आले; ‘श्री-लिपी’ हे भारतीय लिप्यांचे सॉफ्टवेअर करणारी मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनीही पुण्याचीच. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास ‘डीटीपी’, म्हणजे संगणकावर पाने जुळवून मिळतील, अशी पाटी दिसू लागली ती या सगळ्यानंतर. या इतिहासाचा आजच्या खरेदीशी थेट संबंध आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

लॅपटॉप हे व्यावसायिकाचे मुख्य यंत्र होऊ शकते, हे १९९१ आणि १९९२ या दोन वर्षांत दिसले. १९८९ चा मॅकिंटॉश पोर्टेबल सात किलोंच्या वर होता आणि तो नावापुरताच उचलता येत होता. त्यातून धडा घेऊन ऑक्टोबर १९९१ मध्ये आलेल्या ॲपलच्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे, स्क्रीनकडे सरकवला, पुढे मनगट टेकायला जागा केली आणि मधोमध माउसऐवजी फिरता गोळा बसवला. गोळ्याच्या जागी पुढे स्पर्शपट्टी आली, पण आज जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपची हीच मांडणी आहे. तासन्‌तास टंकन करणाऱ्या माणसाचे मनगट दुखते, इतक्या साध्या गोष्टीची कोणीतरी दखल घेतली होती. पुढल्याच वर्षी आयबीएमने थिंकपॅड ७००सी आणला. रिचर्ड सॅपर या रचनाकाराने जपानी जेवणाच्या काळ्या डब्यावरून त्याचा आकार सुचवला, १०.४ इंचांची रंगीत स्क्रीन आणि कीबोर्डच्या मध्यभागी माउसचे काम करणारा तांबडा ठिपका ही त्याची ओळख झाली. इथून दोन घराणी स्पष्ट झाली : एक प्रकाशन, चित्र आणि ध्वनी यांच्याकडे झुकलेले, दुसरे कार्यालय, हिशेब आणि प्रवास यांच्याकडे.

तिसरे घराणे अभियंत्यांचे, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यामुळे पुण्यात त्याचे महत्त्व विशेष आहे. त्रिमितीय आराखड्याच्या सॉफ्टवेअरला नुसता वेग पुरत नाही, उत्तर बरोबर यावे लागते. म्हणून ‘वर्कस्टेशन’ म्हणवणाऱ्या लॅपटॉपमध्ये वेगळ्या मालिकेचे ग्राफिक कार्ड असते, सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने ते यंत्र तपासून प्रमाणित केलेले असते, आणि काही नमुन्यांत चूक आपोआप दुरुस्त करणारी मेमरीही मिळते. खेळांसाठीच्या लॅपटॉपमध्ये तितक्याच ताकदीची चिप कमी पैशांत मिळते हे खरे आहे. वर्कस्टेशनसाठी आपण जादा पैसे मोजतो ते त्या प्रमाणपत्राचे आणि हमीचे. चित्रफिती संकलित करणाऱ्याला ते प्रमाणपत्र बहुधा निरुपयोगी आहे. ज्याच्या आराखड्यावरून पोलादाचा साचा कापला जाणार आहे, त्याला ते हवेच.

चित्रफितींचे संकलन लॅपटॉपवर आले ते एका तारेमुळे. चित्रपटांचे शिक्षण देणारी संस्था १९६० पासून प्रभातच्या जुन्या आवारात उभी असल्यामुळे पुण्याला संकलन नवे नव्हते, पण ते मोठ्या यंत्रांवर, ठरलेल्या वेळेत आणि रांग लावून होत असे. १९९९ मध्ये फायनल कट प्रो हे संकलनाचे सॉफ्टवेअर आले आणि २००० सालच्या पॉवरबुकमध्ये फायरवायर या वेगवान तारेचे तोंड थेट बसवले गेले. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यातली फीत त्या तारेने लॅपटॉपमध्ये उतरवता येऊ लागली. लग्न आणि माहितीपट करणाऱ्यांच्या दृष्टीने ही क्रांतीच होती.

इथून पुढच्या साऱ्या कहाणीत मुख्य पात्र आहे उष्णता. २००१ मध्ये टायटेनियमचा, जेमतेम एक इंच जाडीचा पॉवरबुक आला आणि पातळपणा हे प्रतिष्ठेचे माप ठरले. पण ॲपलने त्यानंतर वापरलेली जी-५ ही चिप इतकी तापत असे की ती लॅपटॉपमध्ये कधीच बसली नाही. जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी इंटेलकडे वळण्याची घोषणा केली तेव्हा दर वॉटमागे किती काम होते, हाच निकष त्यांनी पुढे केला. जानेवारी २००६ मध्ये पहिला मॅकबुक प्रो आला, २००८ मध्ये अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली पेटी आली. आयबीएमचा संगणक व्यवसाय २००५ मध्येच लेनोवोकडे गेला होता. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या नावाने पातळ यंत्रांची मोहीम उघडली, आणि अरुंद कडांच्या स्क्रीनचा डेल एक्सपीएस १३ हा २०१५ चा नमुना विंडोजच्या बाजूने त्या शर्यतीत सर्वांत उठून दिसला.

जून २०१२ च्या रेटिना स्क्रीनबद्दल मराठी माणसाने वेगळे लिहायला हवे. १५ इंचांच्या साध्या मॅकबुक प्रोवर १४४० बाय ९०० ठिपके मिळत, तिथे आता २८८० बाय १८०० ठिपके आले. जुन्या स्क्रीनवर अकरा पॉइंटातला ‘राष्ट्र’ किंवा ‘सिद्धी’ हा शब्द पाहिला की ‘ष्ट्र’खालच्या तिरप्या रेघा एकमेकींत मिसळून एक करडा डाग दिसे, ‘द्ध’चे पोट बुजून जाई, शिरोरेषा कुठे एका ठिपक्याची तर कुठे दोन ठिपक्यांची होई. मुद्रितशोधनासाठी कागदावर छापून घेतल्याशिवाय गत्यंतर नसे. नव्या स्क्रीनवर पहिल्यांदा पान उघडले तेव्हा रफार आणि अनुस्वार वेगवेगळे, स्वच्छ दिसले, आणि मी बराच वेळ नुसते अक्षरांकडेच पाहत बसलो होतो. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीला दाट स्क्रीनचा फायदा अधिक होतो, हे मी अनुभवाने सांगतो. त्यामुळे दिवसभर मराठी पाने लावणाऱ्याने प्रोसेसरची एक पायरी खाली उतरावे, स्क्रीनच्या ठिपक्यांत तडजोड करू नये.

त्याच सुमाराला एक गोष्ट हातची गेली. पातळपणाच्या नादात मेमरी मुख्य पाटीवर कायमची डाग देऊन बसवण्याची पद्धत पडली. पुढे माझ्याच एका लॅपटॉपची मेमरी वाढवायला मी टिळक रस्त्यावरच्या दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाने तळाचे स्क्रू काढून झाकण उलटे ठेवले आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चार काळे चौकोन दाखवले. “हे निघत नाहीत, साहेब. घेतानाच सोळाचा घ्यायला हवा होता,” एवढेच ते म्हणाले. चालते, धडधाकट यंत्र केवळ आठ गिगाबाइटमुळे मला निवृत्त करावे लागले, याची चुटपुट अजून आहे.

रंगांचा रकाना असाच छपाई आणि चित्रपट या दोन व्यवसायांतून आला. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये एसआरजीबी हे साध्या पडद्यांसाठीचे रंगांचे माप सुचवले. छपाईचे हिरवे-निळे रंग त्यात मावत नाहीत म्हणून अडोबीने १९९८ मध्ये आपले अधिक विस्तृत माप आणले. पी-३ हे चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रक्षेपणासाठी ठरले. जाहिरातीत ‘शंभर टक्के पी-३’ असे लिहिलेले असते, पण ज्याचे काम शेवटी चार शाईंच्या ऑफसेटवर छापले जाणार आहे त्याला त्यातला झगझगीत केशरी रंग कागदावर कधीच मिळणार नाही. मुखपृष्ठावरचा शेंदरी झेंडू स्क्रीनवर पेटलेला दिसतो आणि छापखान्यातून विटकरी होऊन येतो. दोष यंत्राचा नसतो. शाईचा आवाकाच तेवढा असतो. अशा कामासाठी रंग किती दिसतात यापेक्षा स्क्रीनचे रंग मोजून जुळवलेले आहेत का, हे पाहिलेले बरे.

पातळपणाची हद्द २०१६ नंतर गाठली गेली. त्या वर्षीच्या मॅकबुक प्रोमधून कॅमेऱ्याच्या कार्डाची खाच आणि बाहेरचा पडदा जोडायचे एचडीएमआयचे तोंड गेले, फुलपाखरी रचनेच्या कीबोर्डबद्दल तक्रारी वाढत गेल्या आणि २०१८ मध्ये कंपनीला त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. त्याच वर्षीच्या, इंटेलच्या कोअर आय-९ चिपच्या नमुन्यांचा वेग तापल्यावर अपेक्षेबाहेर खाली येत असल्याचे आढळले. छायाचित्रकार खिशात चार प्रकारचे जोड घेऊन फिरत होते. मग नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ ही ॲपलची स्वतःची चिप आली. ऑक्टोबर २०२१ च्या एम-१ प्रो आणि मॅक्स यंत्रांबरोबर कार्डाची खाच, एचडीएमआय आणि चुंबकी चार्जरही परतले. पेटी पुन्हा जाड झाली आणि त्याचे कोणालाच वाईट वाटले नाही. एम-१ मॅक्समध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक यांची मेमरी एकच असून तिच्यातून सेकंदाला ४०० गिगाबाइटपर्यंत माहिती वाहू शकते. बॅटरीवरही वेग फारसा उतरत नाही, हे बाहेर जाऊन चित्रीकरण करणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचे ठरले.

विंडोजच्या बाजूला एनव्हिडियाची ग्राफिक चिप हे बलस्थान आहे आणि संभ्रमाचे कारणही तेच आहे. त्रिमितीय चित्रणाची अनेक साधने तिच्या क्यूडा या पद्धतीवर २००७ पासून वाढली, त्यामुळे त्या कामात तिला अजून सहज पर्याय नाही. परंतु एकाच नावाची चिप वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या विजेवर चालते. आरटीएक्स ४०७० ची लॅपटॉप आवृत्ती ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवता येते, आणि बाहेरच्या चिकट पट्टीवर दोन्हीकडे नाव एकच असते. दुकानात दोन मिनिटांच्या चाचणीत फरक कळत नाही. संकलित केलेली अर्ध्या तासाची चित्रफीत अंतिम फाइल म्हणून बाहेर काढायला लावली की सातआठ मिनिटांनी पंख्याचा आवाज चढतो, कीबोर्डची वरची पट्टी बोट ठेवता येणार नाही इतकी तापते, आणि उरलेल्या वेळेचा आकडा कमी व्हायचा थांबतो. खरी तुलना तिथून पुढे सुरू होते.

कोरेगाव पार्कात सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलचे स्वतःचे दालन उघडल्यापासून हाताळून पाहण्याची सोय पुण्यात वाढली आहे. पण आपल्याकडच्या प्रकाशन व्यवसायाची जी अडचण मी वर राखून ठेवली होती, ती तिथल्या टेबलांवर दिसणार नाही. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत रुळण्याआधीची हजारो मराठी पुस्तके जुन्या फाँटांच्या सांकेतिक पद्धतीत साठवलेली आहेत. ती उघडणारी जुनी सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलेली आहेत, आणि त्यांतल्या काहींना परवाना तपासण्यासाठी यंत्राच्या मागे खोचायचे एक छोटे कुलूप लागे. २०२४ पासून आलेले स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे लॅपटॉप विंडोजचेच असले तरी इंटेलहून वेगळ्या, आर्म पद्धतीचे आहेत. जुनी सॉफ्टवेअर त्यांवर भाषांतरित होऊन चालू शकतात, मात्र अशा कुलपांचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, त्या पद्धतीसाठी नव्याने लिहिलेले नसतील तर चालत नाहीत. तीस वर्षांचा साठा असलेल्या प्रकाशकाने नवे यंत्र घेण्याआधी एक जुनी फाइल त्यावर उघडून पाहावी, किंवा आधी सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा.

मेमरीच्या बाबतीत अलीकडे एक चांगली सुरुवात झाली आहे. २०२४ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी-१ या वर्कस्टेशनच्या सातव्या पिढीत एलपीकॅम-२ या नावाची नवी पट्टी आली. पातळ यंत्रात वापरली जाणारी, कमी वीज खाणारी मेमरीच तिच्यावर बसवलेली आहे, फक्त ती मुख्य पाटीला डागलेली नाही. तळाचे झाकण काढायचे, पट्टी धरून ठेवणारे स्क्रू सैल करायचे, जुनी उचलायची आणि नवी ठेवायची.