स्पिन ध्रुवीकरण मोजून घ्यायचंय? नमुना पाठवण्याआधी हे वाचा

ह्यूस्लर मिश्रधातू असो की मँगनाइट (दोन्ही चुंबकीय पदार्थांचे गट), ग्राहकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पी किती?’ पी म्हणजे स्पिन ध्रुवीकरण: प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांत एका दिशेचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकी गुण) दुसऱ्या दिशेपेक्षा किती जास्त आहे. उत्तर टक्क्यांत देतो, पण ती टक्केवारी पृष्ठभागाच्या वरच्या काही नॅनोमीटरची असते. त्यामुळे नमुना आमच्याकडे कोणत्या अवस्थेत पोचतो, यावर बरंच ठरतं.

मोजणी अशी होते

निओबियमची पाव मिलिमीटरची तार ब्लेडने तिरकी कापून टोक काढतो आणि द्रव हेलियमात, ४.२ केल्विनला, स्क्रूने नमुन्यावर अलगद टेकवतो. निओबियम ९.२ केल्विनखाली अतिवाहक असतं, म्हणजे त्यात विजेला रोध नसतो. त्यात कमी व्होल्टेजला इलेक्ट्रॉन एकटा शिरू शकत नाही, उलट स्पिनचा जोडीदार लागतो. फुगडी काही एकट्याने होत नाही. नमुना तांब्याचा असेल तर दोन्ही स्पिनचे इलेक्ट्रॉन सारखेच, म्हणून टोक आणि नमुन्याच्या स्वच्छ जोडावर शून्य व्होल्टेजला वाहकता जवळपास दुप्पट होते. सगळे इलेक्ट्रॉन एकाच स्पिनचे असतील तर ती शून्याकडे जाते. आदर्श जोडावर शून्य व्होल्टेजच्या आणि जास्त व्होल्टेजच्या वाहकतेचं गुणोत्तर २(१−पी), म्हणजे १.१६ आलं तर पी ४२ टक्के. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल याच्याच आसपास येतात. क्रोमियम डायऑक्साइड ९० च्या वर.

प्रत्यक्षात ४.२ केल्विनची उष्णताच वक्र पसरवते, म्हणून एका बिंदूवर न थांबता ±१० मिलिव्होल्टचा वाहकतेचा अख्खा वक्र बीटीके प्रारूपावर (अशा जोडाच्या वाहकतेचं प्रचलित गणित) बसवतो.

कुठे बिघडतं

जोडाचा रोध १०–५० ओहम ठेवतो. तो एक-दोन ओहमवर आला की जोड मोठा झालेला असतो: प्रवाह वाढतो, टोक तापतं, वक्रात ऊर्जाफटीच्या (ज्या ऊर्जेखाली एकटा इलेक्ट्रॉन अतिवाहकात शिरू शकत नाही ती मर्यादा) बाहेर दोन खोल खळगे दिसतात. त्यांना नवं भौतिकशास्त्र समजू नये. टोक उचलून पुन्हा टेकवतो.

ऑक्साइडचा थर असेल तर जोडावरचा अडथळा (प्रारूपात त्याचा आकडा म्हणजे झेड) वाढतो आणि पी कमी दिसतो. म्हणून एका नमुन्यावर किमान दहा-बारा वेगवेगळे जोड घेतो आणि झेड शून्यापर्यंत रेषा मागे नेतो. एकाच सुंदर वक्रावरून पी सांगणं आम्हाला पटत नाही. अहवालात फसलेले वक्रही जोडतो.

पातळ, जास्त रोधाच्या फिल्ममध्ये फिल्मचा रोध जोडाला मालिकेत येतो. मग निओबियमची ऊर्जाफट १.५ ऐवजी दोन-अडीच मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भासते. तो वजा करायला फिल्मची रोधकता आणि जाडी लागते, तेव्हा दोन्ही आकडे कळवा.

पाठवताना

तुकडा ५ × ५ मिमी, फिल्म शक्यतो ५० नॅनोमीटर किंवा जाड. वर सोन्याचा थर देऊ नका, टोक आधी सोन्यालाच टेकतं. निर्वात पाकिटात, सिलिका जेलसह पाठवा. पावसाळ्यात पुण्यात पोचेपर्यंत निळी जेल गुलाबी झालेली असेल तर आधी फोन करून विचारतो, मगच नमुना लावतो. गुरुवारी इथे देखभालीसाठी वीज जाते, त्या दिवशी मोजणी नसते.

हा पी वाहतुकीचा असतो, फर्मी वेगाने भारित: प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांची नुसती संख्या नाही, त्यांचा वेगही त्यात धरला जातो. पट्टरचनेच्या (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांच्या) गणिताशी तंतोतंत जुळेल असं नाही. त्याचं धन-ऋण चिन्ह या पद्धतीने कळत नाही. आणि तो ४.२ केल्विनचा आहे: लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचं क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व संपतं) ३६० केल्विनच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या फार वर नाही आणि तिथे पी बराच घसरलेला असतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाच्या उपकरणाचा आराखडा या आकड्यावर बेतू नका.