न उलगडलेली हस्तलिखितं आणि वादातले दस्तऐवज

ज्यांची लिपी किंवा सांकेतिक भाषा अजून कुणाला लागलेली नाही अशी हस्तलिखितं, आणि ज्यांच्या खरेपणावरच वाद आहे असे ऐतिहासिक कागद, या दोघांचा अभ्यास लोक बऱ्याचदा एकाच माळेत ओवतात. प्रश्न मात्र दोन आहेत. पहिल्यात विचारायचं असतं की यात लिहिलंय काय, दुसऱ्यात विचारायचं असतं की हे ज्याचं म्हणून दाखवतायत त्याचंच आहे का. एखादी वही अस्सल जुनी असून कुणालाच वाचता येत नाही असं होतं, आणि एखादी घडाघडा वाचता येते पण धडधडीत बनावट निघते असंही होतं.

अनुभवी माणूस मजकुराकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी ज्यावर लिहिलंय ते कमावलेलं चामडं किंवा कागद, शाई, शिलाई, पानांचे नंबर, आणि हा जिन्नस कुणाकुणाच्या हातून इथवर आला याची साखळी. हे काम कंटाळवाणं आहे पण निम्मे वाद इथेच मिटतात. कार्बन डेटिंगबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो, त्यातून कळतं ते चामडं ज्या जनावराचं होतं ते साधारण कधी मेलं एवढंच, त्यावर लिहिलं कधी ते नाही, आणि जुनं कोरं चामडं मिळवून त्यावर नवा मजकूर लिहिणारे लोक जगात कमी नाहीत. येल विद्यापीठाने 1965 मध्ये जगासमोर आणलेला विनलँड नकाशा याचंच उदाहरण. कोलंबसच्या आधी युरोपियन लोकांना अमेरिकेचा किनारा माहीत होता असं तो नकाशा दाखवत होता, चामडं खरंच पंधराव्या शतकातलं, पण शाईत टायटॅनियमचं असं संयुग सापडलं जे 1920 च्या सुमारास बाजारात आलं. 1974 पासून या शाईवर भांडणं चालू होती, शेवटी 2021 मध्ये येलनेच सांगून टाकलं की नकाशा बनावट आहे. पाठीमागची बाइंडिंगबद्दलची जुनी लॅटिन नोंदसुद्धा कुणीतरी नव्या शाईने मुद्दाम बदललेली निघाली, म्हणजे चुकून झालं म्हणायची सोयच नाही.

हिटलरच्या डायऱ्यांचं प्रकरण तर अजून भारी. 1983 मध्ये जर्मनीच्या श्टेर्न मासिकाने 60 च्या आसपास वह्यांसाठी 90 लाखांहून जास्त मार्क मोजले. हस्ताक्षर तज्ज्ञांनी अक्षर जुळतंय म्हणून सांगितलं, आणि ते जुळणारच होतं, कारण तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतले काही त्याच कोनराड कुयाऊने तयार केलेले होते ज्याने डायऱ्या लिहिल्या. नंतर लॅबमध्ये कागदात चमक आणणारं केमिकल सापडलं, ते दुसऱ्या महायुद्धानंतरचं, संपला विषय. म्हणून नमुने कुठून आले हे आधी विचारायचं, अक्षर नंतर बघायचं.

लॅब नसतानाही खोटेपणा पकडता येतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेकडची सत्ता देऊन टाकली असं सांगणारं दानपत्र शतकानुशतकं पुढे केलं जात होतं. 1440 मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्याची भाषा तपासली, त्यात रोमन दरबाराशी संबंध नसलेली पदं घुसवलेली होती आणि कॉन्स्टँटिनोपल शहर नीट उभं राहायच्या आधीच त्याचा धर्मपीठ म्हणून उल्लेख होता. लेखक आपल्या काळातल्या गोष्टी नकळत मागच्या काळात टाकतो, आणि बनावट कागद आजही बऱ्याचदा तिथेच सापडतो.

आता न उलगडलेल्यांचा राजा, वॉयनिच हस्तलिखित. पोलिश पुस्तकविक्रेता विल्फ्रिड वॉयनिचने 1912 मध्ये ते इटलीत जेझुइट या कॅथलिक पंथाच्या लोकांकडून घेतलं, सध्या ते येलच्या बायनेकी लायब्ररीत 408 नंबरखाली आहे. साधारण 240 पानं, ओळखू न येणाऱ्या वनस्पती, राशींची चक्रं, हिरव्या पाण्यात बसलेल्या बायका, आणि सगळीकडे ओघवत्या अक्षरात लिहिलेला मजकूर ज्यात खाडाखोड जवळजवळ नाहीच. 2009 मधल्या कार्बन चाचणीत चामडं 1404 ते 1438 मधलं निघालं. सोबत सापडलेल्या सतराव्या शतकातल्या पत्रात सम्राट रुडॉल्फ दुसऱ्याने ते 600 ड्युकॅटला (सोन्याची नाणी) घेतल्याची ऐकीव गोष्ट आहे, आणि पहिल्या पानावरची पुसलेली सही अल्ट्राव्हायोलेट उजेडात दिसते, ती त्याच्याच दरबारातल्या याकुब होर्चिकीची.

मजकूर जवळून बघितला की डोकं चक्रावतं. कोणता शब्द किती वेळा येतो ते प्रमाण खऱ्या भाषेसारखं वाटतं, पण एका अक्षरानंतर कोणतं येईल याचा अंदाज युरोपियन भाषांपेक्षा खूपच सोपा आहे. तोच शब्द लागोपाठ दोनदा तीनदा येतो, एक अक्षर बहुतेक ओळीच्या शेवटीच दिसतं, उंच फाट्याची काही अक्षरं परिच्छेदाच्या सुरुवातीला गर्दी करतात. प्रेस्कॉट करियर या सांकेतिक लिपीच्या अभ्यासकाने 1970 च्या दशकात दाखवलं की मजकुराचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि लिहिणारा हातही एकच नाही. एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणाऱ्या साध्या सायफरमध्ये, म्हणजे गुप्तलिपीत, हे बसत नाही, आणि नुसती थाप म्हणावं तर इतके बारीक नियम एवढ्या पानांवर सांभाळायचे कशाला हाही प्रश्न उरतोच.

उलगडलं म्हणून सांगणारे दर थोड्या वर्षांनी उगवतात. 1921 मध्ये विल्यम न्यूबोल्ड या प्राध्यापकाने जाहीर केलं की प्रत्येक अक्षरात भिंगाखाली दिसणारी बारीक ग्रीक शॉर्टहँड आहे आणि लेखक तेराव्या शतकातला इंग्रज विद्वान रॉजर बेकन. 1931 मध्ये जॉन मॅन्लीने दाखवून दिलं की त्या खुणा म्हणजे खरखरीत चामड्यावर वाळून तडकलेली शाई, आणि न्यूबोल्डच्या पद्धतीत इतकी सूट होती की हवा तो मजकूर काढता आला असता. आजच्या दाव्यांचाही रोग हाच असतो, एखादा शब्द लॅटिन, पुढचा हिब्रू, तिसऱ्यात अक्षरं उलटसुलट करायची, आणि मग ओढूनताणून अर्ध्या ओळीचा अर्थ. माझ्या मते कसोटी एकच पुरेशी आहे: नियम कागदावर लिहून द्या, मग दुसऱ्या कुणीतरी न बघितलेलं पान त्याच नियमाने वाचावं आणि तोच अर्थ निघावा.

या कसोटीला उतरलेली कामंही आहेत. कोपियाले नावाच्या अठराव्या शतकातल्या 105 पानी वहीत 75,000 च्या आसपास चिन्हं आहेत. केविन नाइट, बेआटा मेग्येशी आणि क्रिस्टियाने शेफर यांनी ती 2011 मध्ये सोडवली. सुरुवातीला त्यांनी ओळखीच्या रोमन अक्षरांतच मजकूर असेल असं धरलं आणि हाती काहीच लागलं नाही, शेवटी कळलं की ती अक्षरं फक्त शब्दांमधली मोकळी जागा दाखवतात, खरा जर्मन मजकूर विचित्र चिन्हांमध्ये लपलाय. निघाला काय तर एका गुप्त मंडळाचा दीक्षाविधी, ज्यात नव्या सभासदाला कोरा कागद वाचायला देतात, जमत नाही म्हटल्यावर चष्मा देतात आणि मग भुवईचा केस उपटतात.

हंगेरीतल्या 448 पानी रोहोन्क कोडेक्सबद्दल (कोडेक्स म्हणजे जुनी हस्तलिखित पोथी) 2018 मध्ये दोन संशोधकांनी म्हटलंय की तो ख्रिस्ती धार्मिक मजकुराचा कोड आहे, त्यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही. उलट 2023 मध्ये समोर आलेल्या स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या 50 च्या वर पत्रांवर फारसा वाद झाला नाही, कारण तीन जणांनी कॉम्प्युटर आणि हाताने मिळून सायफर सोडवलाच, शिवाय काही पत्रांच्या उलगडलेल्या जुन्या प्रती ब्रिटिश अर्काइव्हमध्ये आधीपासून होत्या त्या जुळल्या. ही पत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात होती, कॅटलॉगमध्ये इटलीशी संबंधित कागद म्हणून नोंदवलेली.