मोजणीचा दगड आणि जमिनीचा ताबा

तुरी-हरभऱ्याची रास घरी आली आणि काळी उघडी पडली की मला दर उन्हाळ्यात तेच ऐकायला मिळतं. “मोजणी आमच्यासारखी झाली, दगडसुद्धा रोवले, तरी शेजारी दाबलेल्या पट्टीवरनं उठंना.” मोजणीनं कुणी उठत नसतं. कोर्टाच्या आवारात, पारावर, लग्नाच्या मांडवात मी हे सांगत आलोय. आता एकदा लिहून ठेवतो.

मोजणी तुम्ही पाहिलेली असते, म्हणून थोडक्यात सांगतो. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून फी भरली की लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, येतो, जुन्या अभिलेखावरून रेषा काढतो, खुणा दाखवतो. पुढं ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची नक्कल, मिळते. पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. पूर्वी ३३ फुटांची, सोळा आण्यांची (म्हणजे सोळा भागांची) साखळी होती, आज उपग्रहावरून जागा टिपणारा रोव्हर आहे. यंत्र बदललं, पण भूकरमापकाचा अधिकार आजही रेषा दाखवण्यापुरताच आहे. कुणाला उठवून दुसऱ्याला बसवायची ताकद त्याच्या सहीत तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

नोटीस घ्यायची नाही, मोजणीला यायचं नाही आणि नंतर “आम्हाला कळवलंच नाही” म्हणायचं, ही खोड मला अजिबात आवडत नाही. मोजणीच्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहा. हरकत असेल तर तिथंच लेखी द्या.

ताबा म्हणजे ती पट्टी पेरतो कोण आणि काढतो कोण. ‘क’ प्रत नीट बघा. तिच्यात अभिलेखाप्रमाणे हद्द असते आणि जागेवरची वहिवाटही दाखवलेली असते. या दोन रेषांच्या मधली जागा म्हणजे तुमचं भांडण. नकाशा एवढंच सांगतो, की जमीन तुमच्या गटातली दिसते आणि कसतोय दुसरा. तुमच्या बाजूचा हा चांगला पुरावा आहे. पण पुरावा कुणापुढं तरी ठेवावा लागतो, आणि त्याच्यावर हुकूम घ्यावा लागतो. लोक हीच पायरी गाळतात आणि तिथंच घसरतात.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याच्या उभ्या सोयाबीनवर रोटाव्हेटर फिरवला. रेषा त्याच्या बाजूची होती, त्यात खोट नव्हती. पण पीक शेजाऱ्याचं आणि ताबाही शेजाऱ्याचा. गुन्हा नोंदला गेला तो याच्यावर. ज्याचा धुरा कोरला गेला होता तोच आरोपी झाला, आणि पुढची तीन वर्षं तारखांना तोच गेला. मला आजही त्याची हळहळ वाटते, कारण नकाशा त्याच्या पिशवीतच होता. त्यानं आधी वकिलाकडं जायला हवं होतं.

मग उठवतो कोण? तहसीलदाराकडं ‘अतिक्रमण काढून मिळावे’ असा अर्ज देणारे रोज दिसतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ५० सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणासाठी आहे, तुमच्या आणि भाऊबंदाच्या बांधासाठी नाही. पोलीस ‘दिवाणी बाब आहे’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधला अतिक्रमणाचा गुन्हा हा एखादा अपराध करण्याच्या, धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्यावर उभा राहतो. नुसती रेषा चुकली म्हणून तो होत नाही. जनावरं घुसली तर कोंडवाडा आहे, आणि शेतरस्त्याचा वाद तर वेगळाच, त्याची इथं सरमिसळ करू नका.

जमीन महसूल संहितेच्या कलम १३८ मध्ये एक वाट आहे. संहितेच्या त्याच प्रकरणातल्या तरतुदींखाली हद्द रीतसर ठरवली गेली असेल, तर गैरताब्यातल्या माणसाला जिल्हाधिकारी संक्षिप्त रीतीनं काढू शकतात. साधी पैसे भरून केलेली मोजणी म्हणजे असा निर्णय, असं समजू नका.

शेजाऱ्यानं परवाच्या पेरणीला एका झटक्यात पट्टी दाबली असेल तर घड्याळ सुरू झालंय. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ (तहसीलदारापुढं) असो की विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चं कलम ६ (दिवाणी कोर्टात), दोन्हीकडं ६ महिन्यांची मुदत आहे. तिथं मालकीचा कीस पाडत नाहीत. ताबा तुमचा होता आणि कायद्याची वाट सोडून काढला गेला, एवढं दाखवावं लागतं. लोक मोजणीच्या तारखेची वाट बघत हेच ६ महिने घालवतात. मोजणीचा अर्ज जरूर द्या, पण त्याच आठवड्यात दावाही लावा.

आपल्याकडं मात्र बहुतेक धुरे हळूहळू सरकतात. दर वर्षी औत थोडं आत येतं. ६६० फूट लांबीच्या धुऱ्याला सोयाबीनचं दीड फुटाचं एक तास सरकलं तर ९९० चौरस फूट गेले, म्हणजे जवळपास एक गुंठा. अशा कोरण्यात ताबा नेमका कधी गेला हे सांगता येत नाही, म्हणून ६ महिन्यांची वाट सहसा उपयोगी पडत नाही. मग मालकीच्या जोरावर दिवाणी दावा लावायचा. त्याला १२ वर्षांची मुदत आहे, पण तेवढी वाट बघू नका. शेजाऱ्याला प्रतिकूल ताब्याचा, म्हणजे ‘इतकी वर्षं उघड कसतोय, आता जमीन माझीच’ असा, बचाव आयता मिळतो.

दाव्यात एक चूक फार महागात पडते. पट्टी आधीच शेजाऱ्याच्या ताब्यात आहे, आणि मागणी मात्र नुसत्या मनाई हुकमाची! मनाई असते ती तुमच्या ताब्याला होणारी हरकत थांबवायला. ताबा गेलेला असेल तर तो परत द्या, अशी मागणी दाव्याच्या मागणीच्या कलमात लिहिलेली हवी, आणि पुढं हरकत करू नये म्हणून मनाई तिच्या जोडीला. दावा दाखल करतानाच भूकरमापकाला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. दोघांना नोटीस देऊन कोर्टाच्या हुकमानं झालेल्या मोजणीवर माझा आपण पैसे भरून केलेल्या मोजणीपेक्षा जास्त भरवसा आहे. शेजाऱ्याला तिथं ‘मला कळलंच नाही’ म्हणायला जागा उरत नाही.

हुकूमनामा झाला तरी ट्रॅक्टर घालू नका. शेजारी आपणहून सोडत नसेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, द्या. कोर्टाचा बेलिफ येईल, हुकूमनाम्यातल्या नकाशाप्रमाणे जागा दाखवली जाईल, पंचांसमोर ताब्याचा पंचनामा होईल. त्या कागदावर तारीख पडली की पुढच्या मृगात त्या पट्टीत तुमची तिफण चालवा.