फॅक्टोरियलची गणितं आणि दोन खुणांचा घोळ

१००! म्हणजे १०० चं फॅक्टोरियल, १ ते १०० सगळ्यांचा गुणाकार. त्याच्या शेवटी किती शून्यं, हे इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या कुठल्याही कोचिंगमधला पोरगा पटकन सांगतो, शून्यं तितकीच जितके गुणाकारात ५, म्हणून १०० भागिले ५ म्हणजे २०, भागिले २५ म्हणजे ४, झाले २४. ही रीत छापून आली १८०८ मध्ये, एका फ्रेंच पुस्तकात. उद्गारचिन्हाची खूणही त्याच वर्षीची, आणि अपूर्णांक सोडून पूर्णांक ठेवायचा चौकोनी कंसही त्याच वर्षीचा! त्याआधी ११५० च्या लीलावतीत शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं अदलून-बदलून ३६,२८,८०० मूर्ती होतात हे आहेच, पण तिथे नुसती मोजणी आहे, भाग जातो का हा प्रश्न नाही.

खरा घोळ खुणेचा. १८२७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये फॅक्टोरियलची वेगळी खूण निघाली, आकड्याच्या डावीकडे उभी रेघ आणि खाली आडवी, म्हणजे एल. १८४२ मध्ये तिथल्याच एका गणितज्ञाने उद्गारचिन्हावर सडकून टीका केली, की गणिताच्या पानावर २, ३, ४ दिसले म्हणून आश्चर्य कसलं करताय. आपल्याकडे पुस्तकं इंग्लंडची, त्यामुळे एलच रुजला, इंदूरच्या खजुरी बाजारात जुनं अलजेब्राचं पुस्तक उघडलं की तोच दिसतो आणि इंदूरचे कितीतरी सर अजून फळ्यावर तोच काढतात.

माझ्या मते तो आता सोडायलाच हवा. १९६२ मध्ये पूर्णांकासाठी फ्लोअरची खूण आली, ⌊१००/५⌋ अशी, आणि तिची डावी बाजू हुबेहूब एल. पोराने घाईत उजवी बाजू गाळली की २० चं २०! होतं. त्यात भाग जातो याची उभी दांडी, ७ | १०! हे एलने लिहा, दोन दांड्या शेजारी-शेजारी, कुठली कशाची कळत नाही.

आणि ऑलिम्पियाडमध्ये तर या खुणा एकत्रच येतात. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आलं होतं, (२म)!(२न)! ला म! न! (म+न)! ने नेहमी पूर्ण भाग जातो हे दाखवा. सगळं येऊन थांबतं ⌊२क्ष⌋+⌊२य⌋ हे ⌊क्ष⌋+⌊य⌋+⌊क्ष+य⌋ पेक्षा कधीच कमी नसतं यावर, कारण १००! मधले ५ मोजले तसेच प्रत्येक मूळ संख्येचे घात मोजले, की भाज्यात ते भाजकापेक्षा कमी पडत नाहीत. क्ष, य चे पूर्ण भाग दोन्हीकडे सारखेच कटतात, उरलेल्या अपूर्णांकांची बेरीज १ किंवा जास्त झाली तर उजवीकडे १ वाढतो, पण तेव्हा दोघांपैकी एक तरी अर्धा किंवा मोठा असणारच, म्हणून डावीकडेही निदान १ वाढतो.