महाराष्ट्राभिमान

महाराष्ट्राभिमान : महाराष्ट्राची भूमी, मराठी भाषा व येथील इतिहास यांविषयीची सामूहिक आपुलकी आणि तीतून आलेली अस्मिता. १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या राज्याहून ही जाणीव कितीतरी जुनी आहे. तिच्या तीव्रतेचे मुख्य कारणही या जुनेपणातच सापडते.

प्रारंभ : ही जाणीव केव्हापासूनची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ऐहोळे (कर्नाटक) येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाल्याचे म्हटले आहे. तो प्रदेशाचा उल्लेख आहे, लोकांच्या भावनेचा नव्हे. उद्द्योतनसूरीच्या कुवलयमाला (इ. स. ७७९) या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचे वर्णन आहे. त्यातील मरहट्टे सावळ्या अंगाचे, काटक, ‘अहिमाण-कलह-सीले’ म्हणजे अभिमानी व भांडखोर असून ‘दिण्णले गहिल्ले’ असे बोलतात. दिले-घेतलेची ही बोली आजच्या वाचकालाही ओळखू यावी. तथापि हे बाहेरच्याने केलेले वर्णन आहे.

आतून उमटलेला स्पष्ट आवाज तेराव्या शतकाच्या सुमारास महानुभाव पंथात ऐकू येतो. ‘महाराष्ट्रीं असावें’ असा पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचा आदेश होता. पंथाच्या पुढील भाष्यकारांनी महाराष्ट्राच्या सीमा सांगताना मराठी भाषा जेवढ्या ठायी चालते तेवढा प्रदेश, हीच कसोटी धरली. परंपरेनुसार चक्रधर स्वतः गुजरातेत जन्मले होते, ही गोष्ट येथे फार मोलाची आहे. जन्म कोठला यापेक्षा भाषा कोणती, याला त्यांच्या पंथाने वजन दिले.

महाराष्ट्रधर्म : ही संज्ञा सर्वाधिक वादाची ठरली. उत्तर कोकणाचा इतिहास सांगणाऱ्या महिकावतीच्या बखरीत ती आढळते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी बखरीचा तो भाग पंधराव्या शतकातील मानला. तो कालनिर्णय ग्राह्य धरला, तर संज्ञा रामदासांच्याही आधीची ठरते. ‘मराठा तितुका मेळवावा, महाराष्ट्र धर्म वाढवावा’ या रामदासांच्या ओळीमुळे ती सर्वतोमुखी झाली. राजवाड्यांनी तिच्यात धर्मस्थापना, गोब्राह्मणप्रतिपालन, स्वराज्यस्थापना व मराठ्यांचे एकीकरण एवढा आशय पाहिला. न्या. रानडे यांनी मात्र संतांच्या उदार, जातिभेद सैल करणाऱ्या चळवळीशी तिचा संबंध जोडला. दोन्ही अर्थांवर एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादाची छाया आहे. तरीही वारकरी परंपरेचा विस्तार आणि तिच्यातील सर्व जातींचा सहभाग पाहता रानड्यांचे मत अधिक पटण्यासारखे आहे, कारण केवळ राजसत्तेवर उभा असलेला अभिमान १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर टिकला नसता.

शिवस्मृतीलाही असेच दोन प्रवाह आहेत. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये पोवाड्यातून शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हणून गौरविले. टिळकांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. शेतकरी आणि शहरी सुशिक्षित अशा दोघांनाही महाराज आपले वाटले.

संयुक्त महाराष्ट्र : १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनापासून एकभाषी राज्याच्या मागणीला संघटित रूप आले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष व दलित कार्यकर्ते तिच्यात एकत्र आले. अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने ती गिरणगावात पोहोचली. मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही, या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्री चिं. द. देशमुख यांनी राजीनामा दिला. हुतात्म्यांची संख्या १०५ म्हणून रूढ झाली. नंतरच्या नोंदींत ती १०६ व १०७ अशी येते. गोळीबारात माणसे गमावून राज्य मिळाले, हे पुढच्या पिढ्यांना घरातूनच सांगितले गेले.

व्याप्ती : भाषा आणि अभिमान यांच्या सीमा सर्वत्र जुळत नाहीत. गोव्यात १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, तर विरोधात १,७२,१९१ मते पडली. विदर्भाचे स्वतंत्र राज्य करण्याची शिफारस राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये केली होती आणि ती मागणी आजही अधूनमधून पुढे येते. उलट कर्नाटकात राहिलेल्या बेळगावातील मराठी भाषक १ नोव्हेंबर हा कर्नाटकाचा स्थापनादिन काळा दिन म्हणून पाळतात. परदेशात महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव व नाटकांद्वारे हा धागा राखतात. लंडनचे मंडळ १९३२ पासूनचे आहे.