मोखा (अल्-मुखा)

मोखा : येमेनच्या नैर्ऋत्य भागातील तांबड्या समुद्रावरचे एक लहान बंदर. प्रशासकीय दृष्ट्या ते तइझ प्रांतात मोडते. बाब-एल-मांदेब सामुद्रधुनीच्या उत्तरेस सु. ७५ किमी. अंतरावर, तिहामा या उष्ण व रेताड किनारपट्टीत ते वसले आहे. त्याच्यासमोरील उपसागर अर्धचंद्राकृती पण उथळ असल्याने मोठी जहाजे पूर्वीपासून किनाऱ्यापासून दूर नांगर टाकीत आणि माल होड्यांतून उतरवला जाई. गावातील विहिरींचे पाणी मचूळ होते आणि पिण्याचे चांगले पाणी पूर्वेच्या मौझा गावाकडून आणावे लागे. कॉफीमुळे या बंदराचे नाव जगभर पोहोचले. तथापि कॉफीची लागवड येथे कधीच होत नव्हती. ती मागील डोंगराळ प्रदेशात पिके, बैत अल्-फकीहच्या बाजारात विकली जाई आणि उंटांच्या तांड्यांवरून येथे येई.

प्राचीन काळ : इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवर्णनात मूझा नावाच्या अरब बंदराचा उल्लेख येतो. तेथे धक्का नाही, परंतु वाळूच्या तळामुळे नांगर चांगला धरतो, आणि तेथील व्यापारी स्वतःची जहाजे घेऊन बारिगाझापर्यंत (भडोच) जातात, असे त्यात म्हटले आहे. मूझा म्हणजेच मोखा, असे काही जुन्या अभ्यासकांनी मानले. दुसरे मत असे, की नावाचे साम्य मौझाशी अधिक जुळते. मात्र मौझा समुद्रापासून आत असल्यामुळे बंदराचे वर्णन त्याला लागू पडत नाही. मूळ वस्ती मौझा येथे व तिचा उतारा किनाऱ्यावर, बहुधा आजच्या मोखाच्या आसपास होता (उतारा म्हणजे जहाजांतून माल उतरवण्याची जागा), असे मानल्यास दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर होतात आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

कोरीव लेखांतील पुरावा याहून भक्कम आहे. दक्षिण अरबस्तानातील हिम्यर राज्याचा यहुदी धर्म स्वीकारलेला राजा यूसुफ असअर (अरबी परंपरेतील धू नुवास) याच्या मोहिमेची नोंद करणारे दक्षिण अरबी लेख उपलब्ध आहेत. राजाने जफार येथील अ‍ॅबिसिनियन (इथिओपियन) शिबंदीचा पाडाव केल्यावर किनाऱ्यावरील अशअर टोळीच्या प्रदेशात उतरून ‘म्-ख्-व्-न्’ येथे लढाई दिली, तेथील लोकांना मारले आणि चर्च जाळले, असे त्यांत नमूद आहे. हे स्थळ मोखाच होय, याबद्दल बहुतेक अभ्यासकांत एकमत आहे. मतभेद आहे तो कालाविषयी. लेखांवर हिम्यरी शकाचे ६३३ वे वर्ष आहे. या शकाचा आरंभ इ. स. पू. ११५ मध्ये मानल्यास घटना इ. स. ५१८ च्या सुमारास जाते; इ. स. पू. ११० मध्ये मानल्यास ती ५२३ च्या सुमारास येते. पहिली गणना दीर्घकाळ प्रचारात होती. नजरान येथील ख्रिस्ती लोकांच्या कत्तलीविषयीच्या सिरियाक कागदपत्रांशी व त्यानंतर सु. ५२५ मध्ये झालेल्या अ‍ॅबिसिनियन स्वारीशी दुसऱ्या गणनेचा मेळ अधिक सहज बसतो, म्हणून अलीकडे तिच्याकडे कल आहे. याच लेखांत राजाने मांदेबच्या ‘साखळीची’ तटबंदी केल्याचा उल्लेख येतो. ही साखळी प्रत्यक्ष लोखंडी होती की किल्ल्यांची रांग होती, हा प्रश्न अनिर्णित असला, तरी समुद्रापलीकडून येणारे सैन्य अडवण्याच्या दृष्टीने या किनाऱ्याचे महत्त्व सहाव्या शतकातच ओळखले गेले होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

यानंतरच्या अनेक शतकांत मोखाचे उल्लेख तुरळक आहेत. येमेनचा सागरी व्यापार त्या काळात मुख्यतः एडनमधून चाले.

शाझिली परंपरा व कॉफी : आजच्या गावाचा पालक-पुरुष म्हणून शाझिली पंथातील सूफी शेख अली इब्न उमर यांना मान दिला जातो. त्यांचे निधन हिजरी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. त्यासाठी ८२१ (इ. स. १४१८) आणि ८२८ (इ. स. १४२४-२५) अशी दोन वर्षे सांगितली जातात. त्यांच्या नावाची मशीद व तिचा पांढरा मिनार गावात आजही उभा आहे. कॉफी पिण्याची प्रथा त्यांनीच सुरू केली, ही समजूत उस्मानी (ऑटोमन तुर्क) जगात इतकी रूढ झाली, की काही प्रदेशांत शाझिली हेच कॉफीवाल्यांचे संरक्षक संत ठरले. याउलट अब्द अल्-कादिर अल्-जझीरी याने सोळाव्या शतकाच्या मध्यास नोंदवलेल्या वृत्तान्तात हे श्रेय एडनचे मुहम्मद अल्-झभानी (मृत्यू १४७०) यांच्याकडे जाते. जझीरीने आपल्या माहितीचा स्रोत सांगितला असल्याने त्याच्या वृत्तान्ताला अधिक वजन दिले जाते; मात्र सूफी जिक्रच्या (ईश्वरनामस्मरणाच्या) वेळी जागरणासाठी हे पेय पंधराव्या शतकात येमेनमध्ये वापरात आले, यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे. मोखाची परंपरा संपूर्ण कल्पित मानण्याचेही कारण नाही.

उस्मानी सत्ता व कंपन्या : सुलेमान पाशाने १५३८ मध्ये एडन घेतल्यानंतर येमेनचा किनारा उस्मानी अमलाखाली आला आणि एडनऐवजी मोखा हळूहळू मुख्य बंदर बनले. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा येथील पहिला अनुभव कटू ठरला. सर हेन्री मिडल्टन नोव्हेंबर १६१० मध्ये येथे उतरला. आरंभी त्याचे स्वागत झाले. पण लवकरच उस्मानी अधिकाऱ्याने हल्ला करवून त्याला कैद केले व बंदिवानांसह साना येथे नेले. मोखाला परत आणल्यावर मे १६११ मध्ये तो रिकाम्या पिंपात लपून जहाजावर निसटला आणि गावावर तोफा डागण्याची धमकी देऊन त्याने भरपाई वसूल केली. पुढील वर्षी कोकणातील दाभोळला जाऊन आल्यावर त्याने बाब-एल-मांदेबपाशी हिंदी जहाजे अडवली व त्यांना आपल्याशी सक्तीने व्यापार करायला लावला. अडवलेल्यांत जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाजही होते. मोखाच्या भांडणाची किंमत हिंदी व्यापाऱ्यांनी मोजली, ती अशी.

पश्चिम भारताशी असलेला हा संबंध बंदराच्या भरभराटीचा खरा पाया होता. सुरतेचे कापड येथे उतरे व त्याच्या बदल्यात चांदीचा ओघ पूर्वेकडे वाहे. गुजराती बनिया दलाल व सराफ म्हणून गावात मोठ्या संख्येने राहत. हजची जहाजेही येथे थांबत. आदिलशाही काळात दाभोळची जहाजे मोखाला जात, आणि कोकणातील बंदरे हाती आल्यावर शिवाजी महाराजही तेथून इराण, बसरा व मोखाकडे व्यापारी जहाजे पाठवीत असल्याचे इंग्रज वखारीच्या १६६५ च्या सुमाराच्या पत्रव्यवहारात आढळते.

उस्मानी सैन्याने १६३५-३६ मध्ये येमेन सोडला. त्यांच्या हातून सर्वांत शेवटी सुटलेल्या ठिकाणांत मोखा होते. त्यानंतर झैदी (शिया इस्लामची एक शाखा) पंथाच्या कासिमी इमामांचा सुभेदार येथून जकात गोळा करू लागला. गावाला बुरुजांची तटबंदी होती व उपसागराच्या दोन्ही टोकांस एकेक किल्ला होता. श्रीमंतांची चुनेगच्ची घरे तटाच्या आत, तर यहुदी, सोमाली व गरीब अरबांच्या झोपड्या बहुतांशी बाहेर होत्या. इंग्रज, डच व अठराव्या शतकात फ्रेंच यांनी येथे वखारी चालवल्या. सुभेदाराकडे रक्कम थकल्याचे कारण काढून पुदुच्चेरीहून आलेल्या फ्रेंच आरमाराने १७३७ मध्ये गावावर तोफा डागल्या व किल्ला घेऊन थकबाकी आणि जकातीतील सवलत पदरात पाडून घेतली.

डॅनिश मोहिमेतील कार्स्टेन नीबूर १७६३ मध्ये येथे आला, तेव्हाचे जकात नाक्याचे त्याचे वर्णन बोलके आहे. मद्यार्कात ठेवलेल्या माशांचे पीप अधिकाऱ्यांनी हट्टाने उघडायला लावले. त्याची दुर्गंधी नाक्यात पसरली, आणि पुढे साप निघाल्यावर हे फिरंगी लोकांवर विषप्रयोग करायला आले आहेत, असा गवगवा झाला. मोहिमेतील भाषाभ्यासक फोन हावेन याचा त्याच वर्षी मे महिन्यात मोखा येथेच मृत्यू झाला.

ऱ्हास : डचांनी जावात व फ्रेंचांनी बूर्बाँ (रेयूनियाँ) बेटावर कॉफीची लागवड यशस्वी केल्यामुळे मोखा बुडाले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. येमेनच्या कॉफीचा फार मोठा भाग मुळातच होदेइदा व लुहैया या उत्तरेकडील बंदरांतून जेद्दा व कैरोकडे जात असे. मोखाची मदार हिंदी कापडावर अधिक होती, आणि सुरतेचा व्यापार खालावल्याचा परिणाम त्याला तितकाच भोवला.

इंग्रज निवासी प्रतिनिधीचा १८१७ मध्ये अपमान झाल्याचे निमित्त होऊन मुंबई सरकारने डिसेंबर १८२० मध्ये आरमार पाठवले. पहिली चढाई परतवली गेली. नंतर दोन्ही किल्ले पाडण्यात आले. १५ जानेवारी १८२१ च्या तहाने इंग्रजांसाठी जकात सव्वादोन टक्क्यांवर आली. त्याच तहात वखारीतील लोकांना कोठेही घोड्यावरून फिरण्याची आणि यूरोपीयांना तोवर बंद असलेल्या शेख शाझिली दरवाजातून ये-जा करण्याची मुभा मिळाली. इतका तपशील कलमात घातला जावा, यावरून भांडण निव्वळ पैशाचे नव्हते हे दिसते.

पुढील तीस वर्षांत गावाचे धनी झपाट्याने बदलले. इजिप्तचा शासक मुहंमद अली याच्याविरुद्ध जेद्दा येथे बंड केलेला ‘तुर्कचे बिल्मेझ’ हा सरदार १८३२ मध्ये येथे घुसला. पुढच्याच वर्षी असीरच्या टोळ्यांनी त्याला हुसकावून गाव लुटले. त्यानंतर इजिप्शियन सैन्य आले, ते १८४० मध्ये गेल्यावर अबू अरीशचा शरीफ हुसेन आला, आणि १८४९ मध्ये उस्मानी परतले. दरम्यान मुंबईहून गेलेल्या सैन्याने १९ जानेवारी १८३९ रोजी एडन घेतले होते. एडन १८५० मध्ये जकातमुक्त बंदर झाल्यावर मोखाचे उरलेसुरले व्यापारी तिकडे वळले. इटली-तुर्कस्तान युद्धात (१९११-१२) इटालियन आरमाराने मोखावर तोफा डागल्या, तेव्हा गाव बव्हंशी ओस पडत आले होते.

अलीकडील काळ : विसाव्या शतकात मासेमारी, लहान बंदर व गावाजवळील औष्णिक वीजकेंद्र एवढ्यावर वस्ती तगून होती. मार्च २०१५ च्या अखेरीस हूती (उत्तर येमेनमधील झैदी बंडखोर) व त्यांच्या मित्रपक्षाच्या सैन्याने गाव घेतले. २४ जुलै २०१५ रोजी सौदी नेतृत्वाखालील आघाडीच्या हवाई हल्ल्यात वीजकेंद्राच्या कर्मचारी वसाहतीतील किमान ६५ नागरिक ठार झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला जवळच्या वाहिजा गावात लग्नाच्या मांडवावर हल्ला होऊन शंभरावर माणसे मेल्याची वृत्ते आली. आघाडीने जबाबदारी नाकारली. संयुक्त अरब अमिरातीच्या पाठिंब्याने सरकारपक्षीय सैन्याने जानेवारी-फेब्रुवारी २०१७ मध्ये मोखा घेतले. माघार घेताना हूतींनी शेतांत व वाटांवर पेरलेले सुरुंग त्यानंतरही बळी घेत राहिले. होदेइदा ते एडन या पट्ट्यात शस्त्रक्रियेची सोय नसल्याने २०१८ मध्ये ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेने येथे रुग्णालय उघडले. माजी राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांचे पुतणे तारिक सालेह यांच्या फौजांचे मोखा हे मुख्य ठाणे बनले. तारिक सालेह एप्रिल २०२२ मध्ये येमेनच्या अध्यक्षीय नेतृत्व मंडळाचे सदस्य झाले. बंदर व्यापारासाठी पुन्हा खुले करण्याची तयारी चालू असतानाच ११ सप्टेंबर २०२१ रोजी त्यावर क्षेपणास्त्रे व ड्रोन डागले जाऊन गोदामांचे नुकसान झाले. त्यानंतर अमिरातीच्या मदतीने गावाजवळ विमानतळ बांधण्यात आला आहे.